जे लागू नसेल ते खोडावे

१

टाकीचं झाकण उघडलं तशी पांढरी गार वाफ काठावरून जमिनीवर सांडली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी जाड हातमोजे चढवले, कागदावरचा क्रमांक वाचला आणि लांब दांडीने तिसरा कप्पा वर काढला. तो रिकामा होता. त्यांनी तो परत खाली सोडला, क्रमांक मोठ्याने वाचला आणि पुन्हा वर काढला. रिकाम्या कप्प्यात दुसऱ्यांदा बघून नवीन काय दिसणार होतं?

वरच्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत एक बाई नवऱ्याबरोबर बसली होती. ती पूल बांधणारी इंजिनिअर, वय एकोणचाळीस. सहा वर्षांपूर्वी, लग्न झालेलं नव्हतं तेव्हा, लांबच्या कामावर जाण्याआधी तिने आपली अकरा बीजांडं इथे गोठवून ठेवली होती. आता नवरा होता, घर होतं, पूलही उभा राहिला होता. आज ती आपली ठेव मागायला आली होती.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर नोंद उघडली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चार महिन्यांपूर्वीची नोंद आहे," ते म्हणाले. "रुग्णाच्या लेखी विनंतीवरून साठा निकाली काढला."

"निकाली म्हणजे?"

"म्हणजे... ती आता नाहीत."

नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला.

"कोणाची विनंती?" तिने विचारलं. "मी तर केलेली नाही."

२

दवाखान्याचं दप्तर तळमजल्यावर, जिन्याखाली होतं. तिथे एकवीस वर्षं एकच बाई बसत होत्या. सगळे त्यांना दप्तरताई म्हणत. कोणती फाइल कुठे आहे, कोणाचा 'र' कसा वळतो, कोणती शाई किती वर्षांत फिकी पडते, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. मागे एकदा औषधं चोरीला गेली तेव्हा पोलिसांच्या आधी चोर यांनीच शोधला होता, तोही नुसत्या सुट्टीच्या अर्जांवरून. म्हणून मोठे डॉक्टर स्वतः जिना उतरून आले.

"ताई, दोन दिवस आहेत. परवा ती वकील घेऊन येणार आहे. कसं झालं ते शोधा." मग आवाज खाली करून म्हणाले, "सही तिनेच केली आणि आता विसरली, असं निघालं तर आपल्या सगळ्यांचंच बरं होईल."

"जे असेल ते निघेल," ताई म्हणाल्या.

ताईंचं वय चोपन्न. लग्न राहूनच गेलं होतं. आधी धाकट्या भावंडांची शिक्षणं, मग वडिलांचं आजारपण, आणि एक दिवस डॉक्टरच म्हणाले, आता मुलाबाळांचा विचार सोडा. त्या काळी कोणी काही गोठवून ठेवत नव्हतं. आता तिशीच्या मुली टकटक बूट वाजवत यायच्या, तीन ठिकाणी सह्या करायच्या आणि आपलं उद्याचं नळीत बंद करून निघून जायच्या. त्यांच्या फाइलींना ताई हाताने दोरा बांधायच्या. दर गाठीला आत काहीतरी चावायचं. ही जळजळ त्यांनी कोणाला कधी दाखवली नव्हती. इंजिनिअरच्या फाइलीवरचा 'अकरा' हा आकडा बघतानाही तेच झालं, आणि 'आता एकही नाही' हे कळल्यावर क्षणभर, फक्त क्षणभर, बरं वाटलं. त्या क्षणाची ताईंना शिसारी आली. म्हणूनच असेल, त्या कामाला जास्त जोर लावून बसल्या.

विनंतीचा अर्ज समोर होता. दवाखान्याचाच छापील नमुना. वर क्रमांक, मग साठ्याचा प्रकार, तिथे दोन शब्दांपैकी एक निळ्या शाईने खोडलेला, मग तारीख, कारण, सही. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते: 'आता नको.' सोबत ओळखपत्राची प्रत. पोस्टाने आलेला. 'फोन करून खात्री केली' या चौकोनात स्वागतकक्षातल्या मुलीची बरोबरची खूण होती.

"फोन केला होता का?" ताईंनी तिला बोलावून विचारलं.

तिने मान खाली घातली. "त्या दिवशी फार गर्दी होती, ताई. नंतर करू म्हणून खूण करून ठेवली."

दुपारी इंजिनिअर स्वतःच दप्तरात आली. खुर्ची ओढून समोर बसली आणि अर्ज बघितला.

"सही माझ्यासारखी आहे. पण माझी नाही."

"सारखी म्हणजे?"

"लग्नानंतर मी सही बदलली. आधी पूर्ण नाव लिहायचे. आता पहिलं अक्षर आणि पुढे लांब रेघ. ही नवी सही आहे."

ताईंनी जुना करार काढला. तिथे पूर्ण नाव होतं. म्हणजे दवाखान्याने दोन सह्या शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं.

"तुमचं इथे काही आहे हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"तिघांना. तेव्हा माझं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो. माझी मैत्रीण, दातांची डॉक्टर आहे, आम्ही दोघींनी एकाच महिन्यात इंजेक्शनं घेतली. आणि नवरा. त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं." ती उठता उठता थांबली. "तुमचा कारभारच ढिसाळ आहे. दरवर्षी तुमचं पत्र येतं, साठा पुढे ठेवायचा की नाही विचारणारं. या वर्षी तेही आलं नाही."

ती गेल्यावर ताईंनी जावक वही उघडली. पत्र गेलं होतं. तारखेसकट, घरच्या पत्त्यावर.

३

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. भिंतीवर उतरत्या आकाराच्या अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटांत शेकडो चौकटी, आणि मध्ये तो, मऊ कापडाने भिंग पुसत. दिसायला शांत, बोलायला मृदू. ताईंना आधी बसायला खुर्ची दिली, मग पाणी.

"ती रात्रभर झोपली नाही," तो म्हणाला. "तुम्ही लोकांनी काय केलंत हे तुम्हाला कळतंय का? अकरा जीव! नुसत्या एका कागदावर फेकून दिलेत."

"पत्र आलं होतं का हो, आमच्याकडचं? दरवर्षीचं?"

"टपाल तीच बघते. म्हणजे घरी असली की. महिन्यातले वीस दिवस ती कामावरच असते."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"मला?" त्याने भिंग उजेडाकडे धरलं. "ते माझं थोडंच होतं. पण तिच्यासाठी वाटलं."

ताईंना हा माणूस आवडला. बायकोच्या दुःखात स्वतःला मागे ठेवणारे नवरे त्यांनी दवाखान्यात फार पाहिले नव्हते.

तिथून त्या जुन्या वराकडे गेल्या. तो जमीन मोजणीच्या कचेरीत होता. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या आणि काचेखाली दोन मुलींचा फोटो.

"फॉर्मवर माझं नाव होतं खरं," तो म्हणाला. "'जोडीदार किंवा संपर्क' असा रकाना होता. भूल देणार होते, कोणाचं तरी नाव हवं होतं. मी तिला घरी घेऊन गेलो, खिचडीसारखं मऊ काहीतरी करून घातलं. पंधरा दिवसांनी ती तीन वर्षांसाठी पुलावर निघून गेली."

"राग आला असेल."

तो हसला. "राग नाही, हेवा. दुसरा पुरुष असता तर दोन हात केले असते. पुलाशी काय भांडणार? ती फोनवर खांबांबद्दल बोलायला लागली की माझ्या जिवाचा तिळपापड व्हायचा. शेवटी मीच लग्न मोडलं."

ताईंनी अर्ज पुढे सरकवला. त्याने सही बघितली आणि लगेच मान हलवली.

"ही तिची नाही. ती पूर्ण नाव लिहिते. अक्षरं सुटी सुटी."

"नक्की?"

"सहा वर्षांत भेट नाही, पण तिची सही मी विसरणार नाही. कोणी केलंय हे? तिची अंडी तिला विचारल्याशिवाय टाकून दिली?"

तो खोटं बोलत नव्हता. नवी सही त्याने पाहिलीच नव्हती, मग करणार कुठून?

परत आल्यावर ताईंनी सहज म्हणून स्वागतकक्षातली येणाऱ्याजाणाऱ्यांची वही उघडली. अर्ज पोहोचला तो आठवडा. पाच दिवस, दोनशे नावं. गुरुवारच्या पानावर बोट थांबलं. दातांची डॉक्टर. येण्याचं कारण: 'साठा निकाली काढण्याचा नमुना घेणे.'

४

मैत्रिणीच्या दवाखान्यात बाहेर तीन माणसं गाल धरून बसली होती. तिने ताईंना आत घेतलं, दार लावलं, मास्क काढला. ताईंनी वहीच्या पानाची प्रत दाखवताच ती रोग्याच्या खुर्चीवरच बसली.

"नमुना मी नेला होता," ती म्हणाली.

"कोणासाठी?"

ती बराच वेळ हातमोज्यांची टोकं ओढत राहिली.

"ताई, आम्ही दोघी बरोबर यायचो. पोटात सुई टोचायची, ती तिला मी आणि मला ती. हसायचो. मग बीजं काढण्याचा दिवस आला. तिची अकरा निघाली. माझी तीन. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, तीन पण पुष्कळ आहेत गं. तेव्हापासून..." तिने घसा साफ केला. "तिच्या अकरांचा आकडा माझ्या डोळ्यांत खुपतोय. ती फोन करायची, मी उचलायचे नाही. तिच्या लग्नात मी नाचले, आणि घरी येऊन उलटी केली. तुम्हाला हे कळणार नाही."

"कळतं," ताई म्हणाल्या.

मैत्रिणीने चमकून वर पाहिलं.

"तिची नवी सही तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे. माझ्या भाडेकरारावर साक्षीदार तीच आहे." मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो. "मी तिचं काही केलेलं नाही. मला जळायला होतं, पण इतकं नाही."

"मग नमुना कशाला नेलात?"

बाहेर कोणीतरी दारावर टकटक केली. "पुढच्या रुग्णाला बोलवू?"

"थांब जरा," ती ओरडली, आणि ताईंकडे वळून म्हणाली, "माझीच फाइल काढून बघा. माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

५

ताई दप्तरात परत आल्या तेव्हा दुपारचे चार वाजले होते. वर मोठ्या डॉक्टरांना उत्तर हवं होतं. त्यांनी दोनदा निरोप पाठवला होता. मैत्रिणीकडे जळफळाट होता, नमुना होता, नवी सही होती. आणखी काय हवं? 'तीच' असं सांगून टाकलं असतं तर काम तिथेच संपलं असतं.

त्यांनी मैत्रिणीची फाइल काढली. आत अगदी वरच तिचा अर्ज होता. त्याच आठवड्यातला. तिने स्वतःची तीन बीजं टाकून द्यायला सांगितलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मोजणं थांबवायचं आहे.'

ताईंनी ते वाचलं आणि दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. एकच छापखाना, एकच नमुना, एकच आठवडा. आणि आता, दोन कागद जवळ आल्यावर, त्यांना ते दिसलं. पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर असून ते दिसलं नव्हतं. छापील नमुन्यांचं असंच असतं. सही आणि तारीख बघायची इतकी सवय होते, की मधलं कोणी वाचतच नाही.

साठ्याचा प्रकार: बीजांडे / भ्रूण. जे लागू नसेल ते खोडावे.

मैत्रिणीने 'भ्रूण' खोडला होता. बरोबरच होतं. भ्रूण म्हणजे पुरुषाचं बीज मिळाल्यावर पुढे जे वाढू लागतं ते. तिच्याकडे नुसती बीजांडं होती, एकट्या तिची.

इंजिनिअरच्या अर्जावर मात्र 'बीजांडे' खोडलेलं होतं. एकदा नाही, दोनदा. आणि 'भ्रूण' शब्द तसाच ठेवला होता.

ताई खुर्चीत मागे टेकल्या. टाकीत काय आहे ते ज्याला माहीत होतं, त्याने हे करणं शक्यच नव्हतं. इंजिनिअर ओळ न् ओळ वाचणारी बाई, ती स्वतः अशी चूक करणार नाही. मैत्रिणीने तर सगळं बरोबरच केलेलं, ती तर मोजून बसली होती. जुना वर 'अंडी' म्हणाला होता, आणि त्याला नवी सही ठाऊक नव्हती. म्हणजे असं कोणीतरी, ज्याला नवी सही रोज दिसते, ओळखपत्र हाताशी असतं, घरी आलेलं टपाल हाती लागतं. आणि ज्याला वाटतं की तिथे दोघांचं मिळून काहीतरी आहे.

अकरा जीव, असं एकच माणूस म्हणाला होता.

आपण त्याच्या दुकानात किती विश्वासाने पाणी प्यायलो, हे आठवून ताईंचे कान तापले. जावक वहीतून त्यांनी दरवर्षीच्या पत्राची प्रत काढली. पत्रात कुठेही 'बीजांडे' हा शब्द नव्हता. 'आपला जतन केलेला साठा' असं मोघम लिहिलेलं होतं. खाली 'जोडीदार किंवा संपर्क' आणि पुढे त्या जुन्या वराचं नाव. ते कोणी कधी बदललंच नव्हतं. आणि पत्राला जोडून कोरा नमुना, साठा नको असेल तर भरायला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत चौघे बसले. इंजिनिअर, तिचा नवरा, डॉक्टर आणि वही मांडीवर घेऊन ताई. वकिलाला बाहेर थांबवलं होतं.

"एकच प्रश्न विचारायचा आहे," ताई नवऱ्याला म्हणाल्या. "टाकीत काय होतं?"

"म्हणजे?"

"तुमच्या शब्दांत सांगा."

त्याने बायकोकडे पाहिलं. "ती जाणते. मला बोलायला लावू नका."

"मी जाणते," इंजिनिअर म्हणाली, "पण ताईंनी तुला विचारलंय. सांग ना."

"आता कशाला?" त्याचा मृदू आवाज पहिल्यांदाच खरबरीत झाला. "संपलं ना सगळं? त्याचं आणि तुझं जे काही होतं ते होतं. मी कधी एका शब्दाने विचारलं नाही."

इंजिनिअरने हळूहळू त्याच्याकडे मान वळवली.

"त्याचं?"

"कागदावर त्याचं नाव आहे! जोडीदार म्हणून! दरवर्षी घरी पत्र येतं त्याच्या नावानिशी. तू मला सांगितलंस, नुसती बीजं ठेवलीत. मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस ना? ठरलेलं लग्न होतं, दोघं मिळून इथे आलात, तो तुला घरी घेऊन गेला, आणि नुसती बीजं? मी काय लहान आहे?" तो ताईंकडे वळला. "मी तिच्या पोटात त्या माणसाची मुलं वाढताना बघायची होती का? ती म्हणाली, आता आपण त्यांचा उपयोग करू. त्यांचा! त्या रात्रीपासून मला तो माणूस घरात फिरताना दिसायचा. जेवताना, झोपताना, दुकानात. तेवढ्यात ते पत्र आलं. ती कामावर होती."

"सही?" ताईंनी विचारलं.

"दिवसभर बारीक अक्षरं बघणारा माणूस आहे मी. चार वेळा गिरवली, पाचव्यांदा जमली."

इंजिनिअर उठली नाही, ओरडली नाही. साइटवर खांबाला तडा दिसला की आधी गप्प राहून तो कुठपर्यंत गेलाय ते बघावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"त्यात तो नव्हता," ती म्हणाली. "त्यात कोणीच नव्हतं. नुसती मी होते. अकरा वेळा मी." तिचा आवाज फुटला. "आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यात तू मिसळणार होतास. ती तुझी होणार होती रे."

नवरा डॉक्टरांकडे बघायला लागला, जणू ते नाही म्हणतील. डॉक्टरांनी मान खाली घातली. ताईंनी मूळ करार काढून त्याच्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. त्याने वाचलं. चष्म्याचा माणूस तो, पण ती ओळ वाचायला त्याला फार वेळ लागला.

"मला विचारलं असतंस," इंजिनिअर म्हणाली. "एकदा. भांडून का होईना."

७

तो गेल्यावर डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे दवाखान्याचा दोष नाही. ताई, अहवाल तसाच लिहा."

"लिहिलाय," ताई म्हणाल्या आणि दोन पानं टेबलावर ठेवली.

पहिल्या पानावर नवऱ्याने काय केलं ते होतं. दुसऱ्यावर, न केलेल्या फोनवर कोणी खूण केली, दोन सह्या कोणी ताडून पाहिल्या नाहीत, या क्रमांकाखाली भ्रूण नाहीतच हे करारात स्पष्ट असताना कप्पा कोणी रिकामा केला, आणि त्या नोंदीवर शेवटची मंजुरीची सही कोणाची, हे सगळं होतं. शेवटची सही मोठ्या डॉक्टरांची होती.

"हे दुसरं पान गरजेचं आहे का?"

"त्याने अर्ज केला. टाकून आपण दिली."

"एकवीस वर्षं झाली तुम्हाला इथे, ताई."

"म्हणून तर नीट लिहिता आलं," ताई म्हणाल्या. अहवालाची दुसरी प्रत त्यांनी इंजिनिअरच्या हातात दिली आणि आपली पिशवी आवरायला खाली गेल्या.

जिन्याखाली त्यांनी पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. बाहेर आल्या तेव्हा फाटकाजवळ नवरा उभा होता. इंजिनिअर त्याच्या शेजारून निघून आली. त्याने हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. ती ताईंच्या बरोबरीने चालू लागली.

औषधांचं दुकान गेलं, शाळेची लांब भिंत गेली.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने अखेर विचारलं. "फक्त त्या खोडलेल्या शब्दावरून?"

ताईंना 'हो' म्हणून टाकता आलं असतं.

"शब्द दोनदा खोडला होता," त्या म्हणाल्या. "एकदा खोडला असता तर चूक वाटली असती. दोनदा खोडतो तो जळणारा माणूस. मला ते ओळखू येतं. तुमच्या फाइलीवरचा आकडा बघून मीही जळत होते. तुम्ही रडत वर बसला होतात तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं. मला मूल नाही. कधी होण्यासारखंही राहिलं नाही."

इंजिनिअर चालता चालता थांबली. ताईंना वाटलं, आता ही तोंड फिरवून जाईल, आणि ते बरोबरच होईल.

ती ताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले.

"माझी मैत्रीण सहा वर्षं मनातलं बोलली नाही," ती म्हणाली. "नवरा दोन वर्षं बोलला नाही. तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या."

तिने ताईंच्या खांद्यावरची जड पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "कुठे राहता तुम्ही?" तिने विचारलं, आणि ताईंनी दाखवलेल्या गल्लीकडे वळली.